रिपोर्टमध्ये ‘इन्फ्लमेटरी सेल्स’ आल्या, मग ऑपरेशन थांबवायचं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चिंगी नऊ वर्षांची पॉमेरियन कुत्री, नसबंदी झालेली नाही, पिल्लं कधी झाली नाहीत. मागच्या डाव्या सडाजवळ दिवाळीत सुपारीएवढी गाठ होती, आता लिंबाएवढी झाली आहे. मध्येच ती लाल आणि गरम झाली. पाच दिवस अँटिबायोटिक आणि सुजेच्या गोळ्या दिल्या, लाली गेली, गाठ तशीच राहिली. मग सुईने नमुना घेऊन तपासला आणि रिपोर्ट आला: इन्फ्लमेटरी सेल्स, म्हणजे दाहाच्या जागी जमणाऱ्या पांढऱ्या पेशी, मध्यम प्रमाणात, त्यात मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या जाती, सोबत काही संशयास्पद एपिथेलियल (अस्तराच्या) पेशी.

आता घरात तीन पक्ष पडलेत. मेहुणे म्हणतात, पांढऱ्या पेशी जमल्यात म्हणजे शरीर लढतंय, त्याला इम्युनिटीचं औषध देऊन बळ द्या, कापाकापी नको. तुम्ही वाचलंय की सूजच कॅन्सरला खतपाणी घालते, म्हणून तुम्हाला वाटतं की सुजेच्या गोळ्याच लांबवल्या तर गाठ जिरेल. आणि आजींचं म्हणणं, सुई टोचली तिथेच चूक झाली, आता तो पसरणार.

मेहुण्यांचं थोडं खरं आहे, तुमचंही थोडं खरं आहे. आजींचं तेवढं नाही. इतक्या बारीक सुईने स्तनाची गाठ पसरली असं मी बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पाहिलेलं नाही. न तपासता गाठ वर्षभर सांभाळत बसल्याने पसरलेली मात्र भरपूर पाहिली आहे. आजींना हे जरा गोड शब्दांत सांगा.

तुम्ही विचारलंय की या पेशी चांगल्या की वाईट. पण तुमच्यापुढचा खरा निर्णय वेगळा आहे: येत्या दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन करायचं की वाट बघायची. पहिल्या प्रश्नाचं पक्कं उत्तर नसलं तरी दुसऱ्याचं देता येतं, आणि ते जवळजवळ नेहमी ‘करा’ हेच असतं. त्याला एकच अपवाद आहे आणि तो जिवावरचा आहे, म्हणून आधी तोच बघू.

घोळ ‘इन्फ्लमेटरी’ या शब्दाने घातला आहे. कुत्रीच्या स्तनाबाबत हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो.

पहिली गोष्ट साधा स्तनदाह. गाईम्हशींत ज्याला आपण कासदाह किंवा दगडी म्हणतो, तोच. जंतू आत शिरतात, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, पू होतो, ताप येतो. पण त्यासाठी सहसा दूध लागतं. म्हणजे कुत्री व्यायलेली असते, नाहीतर खोटी गाभण असते. माजावर येऊन गेल्यावर दीड-दोन महिन्यांनी पुष्कळ माद्यांना खोटंच दूध येतं. त्या घरातलं खेळणं कुशीत घेऊन बसतात आणि कोणी जवळ गेलं की गुरगुरतात. म्हणून माझ्याकडे लाल सड घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, शेवटची माजावर कधी आली होती? तुम्ही ते लिहिलेलं नाही. स्तनदाह असता तर अँटिबायोटिकने लाली आणि गाठ दोन्ही उतरायला हवी होती. तुमच्याकडे लाली गेली आणि गाठ राहिली. शिवाय नमुन्यात न्यूट्रोफिल नाहीत, मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट आहेत. त्यामुळे नुसता स्तनदाह असेल असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट, गाठीच्या आत आणि भोवती जमलेल्या रोगप्रतिकारक पेशी. चिंगीच्या रिपोर्टचा रोख इकडेच दिसतो. हा विषय मोठा आहे, त्याकडे नंतर येते.

तिसरी गोष्ट म्हणजे इन्फ्लमेटरी कार्सिनोमा. हाच तो अपवाद, आणि नावाने भल्याभल्यांना फसवणारा. यात त्वचा लाल, गरम, जाड आणि घट्ट होते. दुखणं इतकं असतं की कुत्री हात लावू देत नाही. सूज एका सडापुरती राहत नाही, जांघेत उतरते आणि कधी मागचा पायही सुजतो. बोटाने दाबलं तर खळगा राहतो. बघणाऱ्याला वाटतं त्वचेचं इन्फेक्शन आहे. गंमत अशी की सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या पेशी यात फारशा नसूही शकतात. कॅन्सरच्या पेशींचे गठ्ठे त्वचेतल्या बारीक लसीका वाहिन्यांत (ऊतींतला द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) जाऊन बसतात, त्या तुंबतात, आणि मागे साचलेल्या द्रवाने ती सूज आणि लाली येते. नाशिककरांना वेगळं सांगायला नको: मोठ्या पावसात सरस्वती नाला तुंबला की पाणी सराफ बाजारात शिरतं, तसंच हे. दुकानातलं पाणी कितीही उपसलं तरी नाला मोकळा होत नाही.

प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी मी अशी एक लॅब्राडॉर ऑपरेशनला घेतली. सिन्नरकडची होती. तीन आठवडे त्वचेच्या इन्फेक्शनचे उपचार घेऊन आली होती आणि मलाही ते ‘गाठीवर चढलेलं इन्फेक्शन’ वाटलं. सुरी लावल्यावर कळलं की चांगली त्वचा कुठे संपते आणि रोग कुठे सुरू होतो याला सीमारेषाच नाही. रक्त थांबता थांबेना. टाके चौथ्या दिवशी उसवले आणि आठव्या दिवशी ती गेली. त्या मालकांचा चेहरा मला अजून आठवतो, आणि त्यांनी मला एक शब्दही बोलू नये याचं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून लाली जांघेपर्यंत गेलेली असेल तर मी आधी त्वचेचा छोटा तुकडा तपासायला पाठवते. हा आजार निघाला तर ऑपरेशन करत नाही. या आजारात सुरीने आयुष्य वाढत नाही, उलट जखमेच्या कडेनेच तो पुन्हा उगवतो. आयुष्य बहुतेकदा काही आठवडे, फार तर एक-दोन महिने असतं. या गाठींत कॉक्स-२ नावाचं एन्झाइम खूप जास्त सापडतं, त्यामुळे ते रोखणाऱ्या पायरॉक्सिकॅमसारख्या औषधांनी काही माद्यांना बरे दिवस मिळतात. बरे दिवस म्हणजे खाणं, शेपूट हलवणं, रात्री झोप. आजार बरा होत नाही.

चिंगीची लाली पाच दिवसांत पूर्ण गेली, गाठ सुटी आहे आणि हाताखाली सरकते, असं तुम्ही लिहिलंय. फोटोतही त्वचा मऊ, सैल दिसते. त्यामुळे हा तिसरा प्रकार नसावा. तरी हात लावून बघितल्याशिवाय मी ‘नाहीच’ असं म्हणणार नाही. तुमच्या डॉक्टरांना तेवढं नेमकं विचारा.

आता दुसऱ्या गोष्टीकडे.

स्लाइड कशी दिसते ते आधी सांगते, म्हणजे मेहुण्यांशी बोलताना सोपं जाईल. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असतो, तेव्हा मी स्लाइडी बघते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात लिम्फोसाइट मोहरीच्या दाण्यांसारखे दिसतात, गोल आणि गडद निळे. पेशीत जवळजवळ केंद्रकच असतं, भोवती रस नावापुरता. मॅक्रोफेज मोठे, फेसाळ आणि ऐसपैस, पोटात काहीतरी गिळलेलं. गाठीच्या पेशी घोळक्याने असतात आणि त्यांची केंद्रकं एकासारखी दुसरी नसते. या तिघांची मांडणी प्रत्येक गाठीत वेगळी. कुठे मोहरीचे दाणे गाठीच्या बाहेरच्या कडेला कुंपणासारखे उभे असतात, कुठे ते आत घुसलेले असतात. कुठे मोहरी जवळजवळ नाहीच आणि मॅक्रोफेजच मॅक्रोफेज. सुईच्या नमुन्यात ही मांडणी मोडते. मिसळीतला रस्सा चमच्याने काढला तर फरसाण वर होतं की खाली ते कसं कळणार? म्हणून सुईच्या रिपोर्टवरून ‘शरीर लढतंय’ किंवा ‘शरीर हरलंय’ यातलं काहीच म्हणता येत नाही.

मॅक्रोफेज मुळात सफाई कामगार. परकं काही दिसलं की गिळायचं, ही त्यांची सवय एली मेचनिकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये तारामाशाच्या पिल्लांत काटा टोचून पाहिली आणि त्या कामासाठी त्याला १९०८ चं नोबेल मिळालं. पण त्यांचं दुसरंही काम असतं, जखम भरून आणण्याचं. जखमेत सफाई झाली की हेच मॅक्रोफेज नव्या रक्तवाहिन्यांना बोलावतात, जुनी ऊती विरघळवून नव्याला जागा करून देतात आणि आरडाओरडा करणाऱ्या बाकी पेशींना शांत करतात. जखमेसाठी हे उत्तमच. गाठ मात्र याचाच फायदा उठवते. ती भराभर वाढते, मधल्या भागाला रक्त पुरत नाही, तो मरतो. त्या मेलेल्या भागातून ‘इथे जखम आहे’ असा रासायनिक निरोप जातो आणि रक्तातले मोनोसाइट तिकडे ओढले जाऊन मॅक्रोफेज होतात. ते प्रामाणिकपणे जखम भरायला लागतात. रक्तवाहिन्या येतात, गाठीला पोट भरायला मिळतं, बाहेर पडायला वाट मिळते. ‘गाठ म्हणजे न भरणारी जखम’ ही कल्पना हॅरोल्ड ड्वोराक यांनी १९८६ मध्ये मांडली. स्लाइड बघताना ती मला रोज पटते. कुत्र्यांच्या स्तनगाठींत हे दिसलेलंही आहे: साध्या गाठींपेक्षा घातक गाठींत मॅक्रोफेज जास्त असतात, आणि ते फार असतील तर पुढचा प्रवास सहसा वाईट.

म्हणजे मेहुणे म्हणतात तसं सैन्य आलेलं असतं, पण त्यातली एक तुकडी शत्रूसाठी रस्ते बांधत असते.

लिम्फोसाइटचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. साध्या रंगात ते सगळे सारखेच मोहरीचे दाणे, पण खास रंग लावले की त्यांच्या जाती वेगळ्या निघतात. सीडी८ या प्रत्यक्ष मारेकरी पेशी. सीडी४ हुकूम देणाऱ्या. सीडी४ मध्येच एक उपजात आहे, नियामक पेशी, म्हणजे सरळ भाषेत ब्रेक दाबणाऱ्या. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये कुत्रींच्या स्तनकॅन्सरमधल्या लिम्फोसाइटची अशी जातवार मोजणी केली. ज्या गाठींत सीडी८ चं पारडं जड होतं त्या माद्या जास्त जगल्या, सीडी४ चं जड होतं त्या कमी. म्हणजे नुसती संख्या बघून भागत नाही. पुढे ब्रेकवाल्या नियामक पेशींवर झालेल्या कामात त्या जास्त असणं आणि गाठ वरच्या ग्रेडची, म्हणजे जास्त आक्रमक असणं, लसीका वाहिन्यांत शिरलेली असणं, हे एकत्र आढळलं.

यावर कुणीही विचारेल की मग चिंगीच्या गाठीची जातवार मोजणी करून घेऊ का? मी तरी करायला सांगणार नाही. त्यातून निघणारा आकडा चांगला आला काय किंवा वाईट, ऑपरेशन तेच राहणार, कडा तेवढ्याच रुंद घ्याव्या लागणार, नंतरची तपासणीही तीच. ज्या तपासणीने निर्णय बदलत नाही तिच्यावर मी मालकाचे पैसे खर्च करत नाही. संशोधनाला ती हवी, चिंगीला नको.

इथे जरा विषय सोडून एक गोष्ट सांगते, कारण मेहुण्यांच्या म्हणण्याला बळ देणारी गाठ खरंच अस्तित्वात आहे. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी एक गाठ येते, टीव्हीटी म्हणतात तिला. पंचवटी, सातपूर, नाशिकरोड, कुठलीही गल्ली घ्या, एखादं तरी रक्त गळणारं कुत्रं सापडतं. ही गाठ सुरुवातीला स्वतःची ओळखपाटी लपवते, त्यामुळे लिम्फोसाइटना ती दिसतच नाही. पुढे काही कुत्र्यांत ही लपवाछपवी संपते, लिम्फोसाइट आत घुसतात आणि गाठ आपोआप विरघळते. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. तरीही वाट बघत बसू नये, कारण व्हिंक्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाच्या आठवड्याला एक अशा मोजक्या इंजेक्शनांत ती बहुतेकदा जाते. स्तनाच्या गाठी असं वागत नाहीत. पांढऱ्या पेशी जमून एखादी स्तनाची घातक गाठ आपोआप जिरली, असं माझ्या टेबलावर एकदाही घडलेलं नाही.

आता इम्युनिटीच्या औषधांबद्दल. ज्या सैन्यात रस्ते बांधणारे आणि ब्रेक दाबणारे दोन्ही आहेत, त्याला सरसकट ‘बळ’ दिलं तर ते कुणाच्या हाती लागणार? सिरप, थेंब, पावडर यांपैकी कशानेही कुत्रीची स्तनाची गाठ लहान झाल्याचा पुरावा मी पाहिलेला नाही. खरी इम्युनोथेरपी, म्हणजे गाठीने दाबलेला ब्रेक सोडवणारी औषधं, वेगळी असतात. माणसांत त्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. कुत्र्यांसाठीच्या अशा एका अँटिबॉडीला अमेरिकेत २०२३ मध्ये सशर्त परवानगी मिळाली, पण ती मास्ट सेल ट्यूमर आणि मेलानोमासाठी, स्तनगाठीसाठी नाही.

हळद द्यायची तर चिमूटभर द्या, तिने बिघडत नाही, पण तिच्या भरवशावर राहू नका. प्रयोगशाळेत ती पेशींवर करते ते काम पोटातून दिल्यावर फारसं होत नाही, कारण ती रक्तात नीट शोषलीच जात नाही. गाठीवर लेप बांधायचे नाहीत. चिघळलेल्या गाठीवर लेप लावून पट्टी बांधली की खाली माश्या अंडी घालतात, आणि मग माझ्याकडे गाठ नाही, अळ्या येतात.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगते. ताकद यावी म्हणून कुत्र्याला काय काय दिलं जातं, त्यात आपल्या नाशिकच्या दोन लाडक्या वस्तू विषारी आहेत. कांदा-लसूण, कच्चा असो की भाजलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. आणि द्राक्षं, बेदाणे, काळ्या मनुका यांनी मूत्रपिंडं बंद पडू शकतात. त्यातल्या टार्टारिक आम्लाकडे आता बोट दाखवलं जातं. कोणाला किती चालेल याचा भरवसा नाही. तुमच्या प्रश्नात शेवटी सहज आलंय, ‘रक्त वाढावं म्हणून रोज मनुकांचं पाणी देतो’. ते आजपासून बंद करा. आणि ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, बघाच.

सुजेच्या गोळ्यांचा तुमचा तर्क चुकीचा नाही, पण तो अर्ध्यावरच थांबतो. घातक स्तनगाठींत कॉक्स-२ वाढलेलं असतं हे खरं. त्यातून प्रोस्टाग्लँडिन बनतं, ते रक्तवाहिन्या वाढवतं आणि मारेकरी पेशींना गप्प करतं. म्हणून कॉक्स रोखणारी औषधं, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब, पायरॉक्सिकॅम, ऑपरेशननंतरची मदत म्हणून किंवा ऑपरेशन शक्यच नसेल तेव्हा वापरली जातात. पण ऑपरेशनच्या जागी नाही. गोळीने गाठीभोवतीची सूज उतरते, हाताला गाठ लहान लागते, घर खूश होतं आणि दोन महिने निघून जातात. मधल्या काळात गाठीच्या पेशी आपलं काम करतच असतात. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने तर हा भास आणखी गोड होतो. स्टेरॉइड आणि या गोळ्या एकत्र कधीही देऊ नका, जठराला भोकं पडतात. कुठलीही वेदनाशामक चालू असताना शौच डांबरासारखं काळं झालं तर गोळी थांबवून लगेच दाखवा.

आणि घरातली माणसांची गोळी अजिबात नको. ब्रुफेन, व्होव्हेरान काहीही नाही. व्होव्हेरानमधलं डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला झेपत नाही. जनावरांत त्याचा वापर भारतात २००६ पासून बंद आहे. बंदी आली ती गिधाडांसाठी, कारण औषध दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन ती मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. अंजनेरीच्या कड्यावर घिरट्या घालणारी गिधाडं पाहिली की मला दवाखान्याच्या कपाटातली ती जुनी बाटली आठवते. असो.

आता काय करायचं ते. वाढीचा वेग आणि संशयास्पद पेशी बघता माझं मत: पंधरा दिवसांच्या आत गाठ काढा. मादी कुत्र्यांच्या स्तनगाठींत सर्वसाधारण हिशेब असा धरतात की निम्म्या साध्या निघतात आणि निम्म्या घातक. हाताने कोणती कुठली हे सांगता येत नाही. मागे एका पॉमेरियनच्या गाठीचा काप घेताना सुरी करकरली, आत चक्क हाड आणि कूर्चा तयार झालेली. मालक घाबरले होते, पण अशा मिश्र गाठी बऱ्याचदा साध्या असतात आणि तीही तशीच निघाली. उलट मटाराएवढी मऊ गाठ ‘बघू नंतर’ म्हणत सोडलेली, ती घातक निघाली. आकाराला मात्र वजन आहे: ३ सेंटीमीटरच्या आतली, ३ ते ५ ची आणि ५ च्या वरची, असे टप्पे धरतात, आणि टप्पा चढला की भविष्य खराब होत जातं. तुमचं लिंबू मधल्या टप्प्यात असेल. आज पट्टी लावून मोजा.

ऑपरेशनआधी छातीचे एक्स-रे हवेत, तेही तीन बाजूंनी. पोटाची सोनोग्राफी हवी, कारण नसबंदी न झालेल्या नऊ वर्षांच्या मादीच्या गर्भाशयात पू असू शकतो. रक्ताची पूर्ण तपासणी हवी आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटकडे नीट बघा. आपल्या भागात गोचिडताप इतका आहे की ऐन टेबलावर रक्त न थांबण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. याच कारणाने रक्तातल्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइटच्या गुणोत्तरावरून गाठीचं भविष्य सांगणाऱ्यांवर मी फार विसंबत नाही. गोचिडताप, गर्भाशयातला पू, चिघळलेली गाठ, प्रत्येक गोष्ट ते आकडे हलवते.

जांघेत हात घालून बघा. पायाला लागलं की आपल्याला जसं अवधाण येतं, तशी मागच्या दोन सडांची लसीका ग्रंथी तिथे असते. चिंगीच्या जांघेत काही लागलं तर घाबरू नका आणि सोडूनही देऊ नका. ग्रंथी नुसत्या दाहानेही फुगते आणि कॅन्सर पोचल्यानेही फुगते. हाताला दोन्ही सारखीच. इथेही तीच सुई लावायची, आजी काही म्हणोत.

किती कापायचं हे परिस्थितीवर आहे. एकच गाठ असेल तर तेवढी स्तनग्रंथी पुरेशा कडेसह. त्याच रांगेत आणखी बारीक गाठी असतील तर रांगेचा मोठा भाग. कुत्रीला साधारण पाच जोड्या सड असतात आणि मागच्या दोन जोड्यांतच बहुतेक गाठी येतात, म्हणून टेबलावर घेतल्यावर सगळ्या जोड्या बोटांनी चाचपून बघायला सांगा. नसबंदी त्याच भूलेत करावी का? मी करते. गर्भाशयाचा धोका संपतो, खोटं दूध आणि त्यातला स्तनदाह संपतो, आणि हार्मोनवर पोसलेल्या काही गाठींत पुढे त्याचा फायदाही होतो. पण या वयात नसबंदीने स्तनकॅन्सरपासून मोठं संरक्षण मिळतं असं नाही, ती वेळ गेली. १९६९ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या माद्यांत हा धोका न केलेल्यांच्या मानाने ०.५ टक्के, पहिल्या माजानंतर ८ आणि दुसऱ्यानंतर २६ टक्के निघाला होता. २०१२ च्या आढाव्याने त्या पुराव्याला कच्चा म्हटलंय. आकडे इतके नेमके नसतील, तरी लवकर नसबंदीच्या बाजूने माझं मत बदललेलं नाही.

चिंगीचं वजन तुम्ही ९ किलो लिहिलंय. पॉमेरियनला ते खूप आहे. चरबी म्हणजे नुसता साठा नसतो, तिच्यातही मॅक्रोफेज जमतात आणि मंद दाह चालू राहतो, शिवाय ती इस्ट्रोजेन बनवते. सूज कमी करायची हौस असेल तर ती इथे भागवा: सकाळची बिस्किटं बंद, चालणं वाढवा. ऑपरेशन मात्र वजनासाठी लांबवू नका.

आणि गाठ काढल्यावर ती कचऱ्यात जाऊ देऊ नका. हे मी हात जोडून सांगते, कारण अर्ध्या गाठी तिथेच जातात. १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, गाठीच्या दहापट द्रव, रुंद तोंडाची बरणी. अरुंद तोंडाच्या बाटलीत गाठ कोंबून जाते, पण कडक झाल्यावर बाहेर येत नाही. छातीकडच्या टोकाला एक धागा बांधायला सांगा, म्हणजे कड अपुरी निघाली तर कुठल्या बाजूची ते कळतं. एकाहून जास्त गाठी असतील तर प्रत्येकीची बरणी वेगळी, कारण एकाच कुत्रीत एक साधी आणि शेजारची घातक असू शकते. पॅथॉलॉजिस्टकडून चार गोष्टी लेखी मागा: गाठीचा प्रकार, ग्रेड, कडा मोकळ्या आहेत का, आणि लसीका वाहिन्यांत शिरकाव आहे का. दाहाच्या पेशींबद्दल ते लिहितीलच, आणि यावेळी त्या कुठे उभ्या आहेत हेही कळेल. बरणीवर नाव, तारीख, डावी-उजवी आणि सडाचा क्रमांक लिहा. रिपोर्ट आला की इथे पूर्ण पान टाका, फक्त शेवटची ओळ नको. आणि ती शेवटची माजावर कधी आली होती ते आज संध्याकाळी आजींना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल.